बाबांची शिकवणी

दवाखान्यात माझ्या शेजारी एक गृहस्थ हाताला ओला रुमाल गुंडाळून बसले होते. सोबत नुकतीच शाळा संपवलेला त्यांचा मुलगा होता.

"बाबा, तापलेला तवा नुसत्या हाताने कोण उचलतं?"

"तूच म्हणालास, पटकन उतरवा."

"चिमट्याने! अख्खी सुट्टी तुम्हाला शिकवण्यात गेली माझी. मित्र पोहायला शिकले, आणि मी घरात तुम्हाला कांदा चिरायला शिकवतोय."

"कांदा येतो आता."

"येतो, पण सोलायचा विसरता. सोमवारी मी हॉस्टेलवर गेलो, की घरात तुम्ही एकटे. खाणार काय?"

"अंडं उकडीन."

"कसं?"

"पातेल्यात अंडं ठेवायचं, गॅस लावायचा."

"आणि पाणी?"

"ते तर आलंच."

"परवा नव्हतं आलं. पातेलं फेकून द्यावं लागलं. बाबा, मी इथल्याच कॉलेजात नाव घालतो."

"खबरदार! एवढे मार्क कशाला मिळवलेस मग?"

"तर आत्याकडे राहायला जा. कधीची बोलावतेय ती."

"ती साडेआठला दिवे घालवते. त्यापेक्षा मी कच्चा कांदा खाईन."

"सोलून?"

"सोलून."

तेवढ्यात नर्स दारात आली.

"भाजलंय कुणाला?"

"मला."

"आणि हा कोण तुमचा?"

"हे आमचे सर. फार कडक आहेत. पण काय करणार, सोमवारपासून बदली झालीय त्यांची."