चालकाची सीट आणि नऊ बैठका

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि या विमा कार्यालयाचे विभागप्रमुख माननीय साहेब, व्यासपीठावर विराजमान झालेले खरेदी समितीचे सन्माननीय सदस्य, आजचे सत्कारमूर्ती आपले चालकमामा, पहिल्या रांगेत संकोचून बसलेल्या मामी, आणि भाषणं लवकर आटपावीत असं मनात म्हणत चेहरा हसरा ठेवणाऱ्या बंधू-भगिनींनो,

मी सीट कव्हरवाला. हिशेब मांडल्याशिवाय मला तोंड उघडता येत नाही, म्हणून आधी हिशेब. तीन वर्षांपूर्वी कार्यालयाच्या गाडीला नवी कव्हरं चढली. त्यांचा खरा खर्च असा : अकरा महिने, नऊ बैठका, त्रेचाळीस नमुने, आगपेटीच्या सात काड्या, लेखापाल आणि अभियंता यांच्यात आजतागायत टिकलेला अबोला, आणि मामांचे सहा सदरे. पैशांचा आकडा फायलीत आहे. या यादीत तोच सगळ्यांत किरकोळ.

त्या नऊच्या नऊ बैठकांना मी हजर होतो. सदस्य म्हणून नव्हे, नमुन्यांचं पुस्तक धरायला. दाराशी उभ्या माणसाला कान असतात हे मोठी माणसं विसरतात, आणि त्याबद्दल मी त्यांचा जन्मभर ऋणी आहे.

पहिल्या चार बैठका रंगावर गेल्या. कॉफी घ्यावा की चॉकलेट? लेखापालसाहेबांना दोन्हींत फरक दिसत नव्हता, पण मत दोन्हींविरुद्ध होतं. पाचवीत अभियंतासाहेबांनी नमुने पेटवून पाहिले. आगीच्या नुकसानीची पाहणी करणारं कार्यालय, तेव्हा त्यांचं बरोबरच होतं. मात्र जळालेलं टेबल कोणत्या खात्यातून दुरुस्त करायचं यावर सहावी बैठक झाली. आणि सातवीत आपले साहेब स्वतः आले. त्यांनी डोळे मिटले, हात पुढे केला, आणि मी एकेक नमुना त्या हातात देत गेलो. एकविसाव्या तुकड्यावर त्यांचा अंगठा थांबला. म्हणाले, हा माल. अस्सल लेदर. समितीने टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, पुस्तक काखेत धरून.

आता मामांकडे येतो. तुम्ही म्हणाल, सत्कार कोणाचा आणि हा बोलतोय कशावर? पण मामा सव्वीस वर्षं जिथे बसले, त्याबद्दलच बोलतोय मी. दिवसाचे सात-आठ तास, कुठल्या तरी जळक्या गोदामाच्या वाटेवर. साहेब उतरून पाहणी करणार, मामा गाडीत थांबणार. जुनं रेक्झिन उन्हात असं तापायचं की मामांच्या पाठीवर, मांड्यांवर फोड यायचे. सदरा फोडांना चिकटायचा आणि काढताना फाटायचा. सहा सदरे म्हणालो ते हे.

डॉक्टरांनी सरळ सांगितलं होतं की पाठीला हवा लागेल असं सुती कापड घ्या, नाहीतर गाडी सोडा. आणि गाडी सोडायची म्हणजे नियमाप्रमाणे चालक अपात्र. पूर्ण पेन्शनला तीन वर्षं बाकी असताना घरी.

हे मला मामांनी सांगितलं नाही. मामांनी सव्वीस वर्षांत हॉर्नसुद्धा जपूनच वाजवला. मामी आल्या दुकानात. पिशवीतून सदरा काढला आणि माझ्या कापायच्या टेबलावर पाठ वर करून पसरला.

“वहिनी, साहेबांशी बोलायला सांगा त्यांना,” मी म्हटलं.

“सांगून जीभ झिजली, भाऊ. म्हणतात, साहेबांनी निवडलंय. अहो, निवडलं साहेबांनी, पण बसायचं कोणी?”

बंधू-भगिनींनो, अडतीस वर्षं मी या धंद्यात आहे. बसच्या फाटक्या सीटा शिवत इथवर आलो. मंत्र्यांपासून नवरदेवांपर्यंत सगळ्यांच्या गाड्या शिवल्या. हा प्रश्न मला एकाही गिऱ्हाइकाने विचारला नव्हता. लोक रंग बघतात, वास घेतात, नखाने ओरखडतात, शेजाऱ्याने काय घेतलं ते विचारतात. दुकानात मी मुद्दाम एक सीट मांडून ठेवली आहे. तिच्यावर लोक पिशव्या ठेवतात.

म्हणून आठव्या बैठकीत मी पुस्तक खाली ठेवलं आणि हात जोडून विचारलं की चालकाला एकदा विचारलं तर? लेखापालसाहेब म्हणाले, हा विषय पत्रिकेवर नाही. अभियंतासाहेब म्हणाले, चालक समितीत नाही. दोघांचं एकमत झालं ते एवढ्या एकाच वेळी. मी फोडांचंही सांगितलं. तेव्हा साहेब हसले आणि समजावून म्हणाले, “अस्सल लेदर श्वास घेतं हो. त्याच्यावर बसून ज्याला घाम येतो, त्याला बसायची सवय नसते. मी उभा जन्म लेदरवर बसत आलोय.”

नवव्या बैठकीत आठवीचं इतिवृत्त मंजूर झालं आणि काम माझ्याकडे आलं.

आता जे सांगतो ते आजवर मामा, मामी आणि मी, तिघांनाच ठाऊक होतं. मामांच्या सेवापूर्तीच्या कागदावर सकाळी सही झाली, हे मी आस्थापना विभागात दोनदा विचारून आलोय. तेव्हा बोलायला हरकत नाही.

आमच्या धंद्यातली जुनी रीत अशी, की माणूस बसतो तिथे लेदर लावायचं आणि बाजूला, मागे, जिथे कोणी बघत नाही तिथे रेक्झिन. मी उलटं केलं. मामांच्या सीटच्या बाजूंना लेदर, डोक्यापाशी लेदर, आणि मधला पट्टा, पाठीचा आणि बसायचा, जाड सुती कापडाचा. लेदरच्या रंगाला रंग जुळेना. चार दिवस गेले, तीनदा कापड रंगवलं. ते माझ्या खिशातून. लेदर कार्यालयाने विकत आणून दिलेलं, बिल मी लावलं फक्त शिलाईचं. उरलेला तुकडा भांडारपालाकडे जमा करून पावती घेतली. ती माझ्याकडे आहे.

तपासणीचा दिवस आला. कार्यालयाच्या अंगणात गाडीबरोबर मामांची तीन वर्षंही उभी होती. साहेबांनी चालकाचं दार उघडलं, डोळे मिटले आणि दाराशी जो भाग पहिला हाताला लागतो, त्या बाजूच्या उशीवर अंगठा दाबला. म्हणाले, माझा हात फसत नाही. मग अभियंतासाहेबांनी तिथेच दाबलं. लेखापालसाहेबांनी सीटा मोजल्या, आकडा जुळला. कोणी बसलं नाही.

मग मामा बसले. पाठ टेकली. आरशातून माझ्याकडे पाहिलं. आणि गाडी सुरू केली.

आठवड्याने मामी पुन्हा दुकानात आल्या. पिशवीतून सदरा काढला, टेबलावर पसरला. कोरडा होता.

मामा, तीन वर्षं तुम्ही एक दिवसही रजा न घेता गाडी चालवलीत. आज पूर्ण पेन्शन घेऊन उतरताय. आता घरच्या खुर्चीवर बसा, आणि तिचं कापड मामींनाच निवडू द्या.

मला बोलायला बोलावलंत, इतका वेळ सोसलंत, याबद्दल मी कार्यालयाचा मनापासून आभारी आहे. उद्यापासून इथलं काम मला मिळणार नाही, हे धरूनच मी घरून निघालोय. जिभेचा टाका कुठे जास्त घट्ट बसला असेल, तर थोरांनी तो उसवून मला माफ करावं.

आणि अध्यक्षमहाराज, एवढं एकच. भांडारात जमा केलेल्या त्या तुकड्यातून भांडारपालांनी पुढच्याच महिन्यात, साहेब, तुमच्या केबिनमधली खुर्ची माझ्याकडून शिवून घेतली. तिसऱ्या आठवड्यात तुमचा शिपाई दुकानात आला आणि त्या खुर्चीच्या मापाचे दोन सुती टॉवेल घेऊन गेला. एक धुवायला असतो, एक खुर्चीवर.