बाय म्हंजे हाक

(काल्हेर. गोदामाचं गेट, शुक्रवारी दुपारी पावणेदोन. सकाळच्या शिफ्टची ऋतिका आणि दुपारच्या शिफ्टची मनिषा.)

ऋतिका – थांब गो, थांब तिकडंच! पाच दिस झाले, मी सुटते नि तू आत घुसतंस. शिफ्ट क्याला बदललीस?

मनिषा – दुपारची मला बरी पडते.

ऋतिका – खोटं. दहाला सुटल्यावर राहनाळची रिक्षा तरी गावते का तुला?

मनिषा – गावते.

ऋतिका – एक वरीस एका टेबलावर पॅकिंग केलं आपन. मी टेप लावाची, तू स्टिकर. आता तुज्या जागेवर ती पूर्वी बसते. समदे स्टिकर वाकडे लावते, नि डब्यातला घास पन देत न्हाय.

मनिषा – तूच नको म्हणालीस मला. आता तक्रार कसली?

ऋतिका – मी? कंदी?

मनिषा – शनिवारी. जेवणाच्या सुट्टीत आपण फोनवर तो अर्धा सिनेमा बघितला, त्या संध्याकाळी. हा बघ तुझा मेसेज. पुसलेला नाही मी.

ऋतिका – ‘बाय’.

मनिषा – इंग्रजीतलं. बी, वाय, ई. आश्रमशाळेत एवढं इंग्रजी शिकवलं होतं आम्हाला.

ऋतिका – अगो येडी! मी बी, ए, वाय टाकलं. फोननं आपली अक्कल चालवली. आमच्यात पोरीला बाय बोलतात ना? काय गो बाय, जेवलीस का बाय. दिसभर बोलते की तुला! हाक मारली होती मी.

मनिषा – हाक?

ऋतिका – हाक. नि तू चाललीस शिफ्ट बदलाला.

मनिषा – मग पुढे काही का नाही लिहिलंस? फोन उशाशी ठेवून बसले होते मी.

ऋतिका – लिव्हलं होतं. हे एवढं मोठं. पुसलं, परत लिव्हलं, परत पुसलं. हाकेच्या पुढं बोलाचं काय, त्येच सुचंना.

मनिषा – आणि मी रविवारभर रडले. फोनच्या अकलेपायी.

ऋतिका – मला काय म्हाईत तसला सिनेमा हाय! फोटोत दोन पोरी, एका स्कुटरवर. वाटलं मैत्रिणींचा असंल. नि मधीच त्या एकमेकींकडं अशा बघाला लागल्या...

मनिषा – आणि तू फिदीफिदी हसलीस.

ऋतिका – घाबरून हसली गो. तुजा हात माज्या हातात होता, नि सोडाचं ध्यान दोगींनाबी न्हाय.

मनिषा – मला होतं ध्यान.

ऋतिका – ...होतं?

मनिषा – होतं.

ऋतिका – उरलेला बघलास?

मनिषा – नाही. दोन्ही कानांत वायर घातली, पण एकटीनं बघवेना. एक तुझ्या कानात असायची ना.

ऋतिका – मी पन न्हाय बघला.

मनिषा – बघून तरी काय? परवा शेलार गावचे पाहुणे येणार तुला बघायला. पूर्वीनं सांगितलं.

ऋतिका – येनार होते. काल बापसाला बोलली, नको बोलवू.

मनिषा – आणि?

ऋतिका – त्यानं ईचारलं, दुसरा कोन हाय का? मी बोलली, हाय.

मनिषा – ऋतिका!

ऋतिका – नाव ईचारलं त्यानं. बोलली, मनिष.

मनिषा – मनिष?

ऋतिका – हसू नको ना गो.

मनिषा – हसत नाहीये. काना खाल्लास माझा.

ऋतिका – तेवडाच गिळला. बाकी समदं खरं सांगितलं. एका टेबलावर काम करतो, डोंगराकडचा हाय, आमच्यातला न्हाय, कमी बोलतो. नि मी त्याच्याबिगर ऱ्हानार न्हाय.

मनिषा – असं म्हणालीस? बाबांना?

ऋतिका – असंच.

मनिषा – मला कधी नाही म्हणालीस.

ऋतिका – आता बोलते. पाच दिस ह्या गोदामात जीव लागला न्हाय माजा. मला तू पायजे, मनिषा.

मनिषा – मला तर वर्षभर पाहिजे होतीस. तू टेप तोडायचीस दातानं, तेव्हापासून.

ऋतिका – मंग बोलली का न्हाईस?

मनिषा – कमी बोलते ना मी. बाबा काय म्हणाले?

ऋतिका – बोलला, रविवारी घेऊन ये त्याला. बघतो.

मनिषा – दोन वाजत आले. अंगठा लावायला जाते मी. खरं सांग, रविवारी कुणाला नेणार तू?

ऋतिका – तुला. ये गो बाय. येताना तेवडा काना घेऊन ये.