प्रतिमाताईंच्या पुढून गेलेलं तबक

अध्यक्ष मोरेश्वर काका, व्यासपीठावरील पाहुणे, अ‍ॅशबर्नच्या आपल्या मराठी शाळेचे पालक आणि मागच्या रांगेत चिप्स खाणाऱ्या मुलांनो, नमस्कार.

अकरा वर्षं शिकवून प्रतिमाताई उद्या मुलीकडे सांता क्लाराला चालल्या आहेत. मला पाच मिनिटं दिली आहेत. तीन पुरतील.

त्यांनी मुलांना मराठीतून अमेरिका शिकवली. मत दिलं म्हणून अटक झालेली सुझन अँथनी, शेतमजुरांची संघटना उभारणारी डोलोरेस हुएर्ता, बसमधल्या जागेवरून न उठलेली रोझा पार्क्स. ही नावं आपल्या मुलांना कुणामुळे पाठ आहेत?

सहा वर्षांपूर्वी हॉल एकाच शनिवारी मिळाला, म्हणून या बायकांवरचं मुलांचं नाटक आणि चैत्रातलं हळदीकुंकू आपण एकत्र उरकलं. तबक माझ्या हातात होतं. नऊ वर्षांची सई रोझा पार्क्स झाली होती. तिच्या शेजारी प्रतिमाताई. त्यांचे यजमान जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं. मी सईला कुंकू लावलं आणि ताईंना सोडून पुढच्या खुर्चीकडे गेले.

"रेणू मावशी, यू स्किप्ड हर," सई म्हणाली.

"गप्प बस."

नाटक सुरू झालं. बसचा ड्रायव्हर झालेला अथर्व ओरडला, "ऊठ!" सई माझ्याकडे बघून म्हणाली, "आधी प्रतिमा मावशीला लाव."

सभागृह हसलं. पोरगी वाक्य विसरली, असंच सगळ्यांना वाटलं. विंगेतून ताईंनी हळूच खरं वाक्य सांगितलं, "नाही, मी उठणार नाही." सईने ते म्हटलं. टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या.

तेव्हा मला काही वाटलं नाही. शरम नाही, रडू नाही. पुढे सहा वर्षं आम्ही दोघी एकाच टेबलावर हजेरी घेत आलो. ताईंनी विषय काढला नाही, मीही नाही. आत्ताही फारसं काही वाटत नाही. योग्य काय, ते मात्र कळतं.

मोरेश्वर काका, शाल-नारळ तुम्ही द्या. तबक मी घरून आणलं आहे. ताई, नको असेल तर मान हलवा, मी परत फिरेन.

आयोजकांचे आभार. बोलण्यात काही उणं राहिलं असेल, तर ते श्रोत्यांनी पोटात घालावं. बाकीचं ताईंनी, जमल्यास.

प्रतिमाताई, उठू नका. मी येते.