सोबत्याची जागा

वहिनी : बोला ना काहीतरी, भाऊजी. मघापासून त्या पंख्याकडे बघताय. तो फिरायचाच आहे.

धाकटा : बोलतो.

वहिनी : कधी? चहा निवला, त्याच्यावर साय धरली. आता तीही वाळेल.

(बाहेरची खोली, टळटळीत दुपार. टेबलावर दोन पासपोर्ट आणि मोटारींच्या शर्यतीच्या ट्रॅकचा एक छापील नकाशा. आतल्या खोलीचं दार लोटलेलं. त्या दारामागे थोरला भाऊ खिडकीशी बसलेला आहे हे धाकट्याला ठाऊक आहे, आणि म्हणूनच त्याने दाराकडे पाठ होईल अशी खुर्ची निवडली आहे.)

धाकटा : तुम्ही मला न विचारता तिकिटं काढलीत.

वहिनी : विचारलं असतं तर ‘बघू’ म्हणाला असतात. तुमच्या ‘बघू’ला मी ह्या घरात आल्यापासून ओळखते. त्याच्या पोटात अख्खी वर्षं गडप होतात.

धाकटा : परदेश आहे तो, वहिनी. इथे गल्लीच्या तोंडाशी जायचं तरी दादाला दोघांनी धरून गाडीत बसवावं लागतं.

वहिनी : विमानतळावर चाकाची खुर्ची मिळते. डॉक्टरांनी प्रवासाला हरकत नाही म्हणून सांगितलंय. आमच्या दोघांचा व्हिसा झालाय. कानांवर लावायची ती जाड झाकणं असतात ना, तीसुद्धा आणून ठेवलीत. राहिलाय तो तुमचा पासपोर्ट.

धाकटा : म्हणजे सगळं ठरलेलं आहे. मला बोलावलंत ते फक्त मान डोलवायला.

वहिनी : मान डोलवायला कशाला? खुर्ची ढकलायला.

धाकटा : दादाला विचारलंत?

वहिनी : विचारलं. हो म्हणाले.

धाकटा : दादा सगळ्यालाच हो म्हणतो. अर्धांगाचा झटका आल्यापासून त्याच्यापाशी तेवढा एकच शब्द उरलाय. भूक लागली का, हो. पोट भरलं का, हो. ते पाणी गाळायचं यंत्र विकणारा दारात आला, त्यालाही हो. तुम्ही बाजारातून येईपर्यंत त्या माणसाने भिंतीला भोकं पाडून ठेवली होती.

वहिनी : पाणी चांगलं येतं त्यातून.

धाकटा : वहिनी!

वहिनी : मग काय करू, गळा काढू? शेजारीण म्हणते, तुमचे यजमान फार गुणी हो, कशालाच नाही म्हणत नाहीत. म्हटलं, हो बाई, उभा जन्म दुकानात टायर आपटण्यात आणि घरात माझ्याशी वाद घालण्यात गेला, आत्ता कुठे सुधारलेत.

धाकटा : हसण्यावारी नेऊ नका. ज्याला नाही म्हणता येत नाही, त्याच्या होकाराला अर्थ तो काय? आपण ज्या दाराशी त्याला नेऊन बसवू, तेच त्याचं घर. उद्या विमानात बसवाल, आत तो नको नको म्हणून आक्रोश करत असेल, आणि आपल्या कानांवर येईल तो एवढाच. हो.

वहिनी : तुमच्या कानांवर. माझ्या नाही.

धाकटा : म्हणजे?

वहिनी : मी एकदा विचारून सोडत नाही. उलटसुलट विचारते. आधी ‘जायचं?’ मग जरा वेळाने, कपड्यांच्या घड्या घालता घालता, ‘की घरीच राहायचं?’ हो दोन्हींना येतो. पण एक पटकन येतो, दारावरच्या माणसाला वाटेला लावावं तसा. आणि दुसरा यायच्या आधी ते श्वास घेतात. छाती भरून. शर्यतीचं विचारलं तेव्हा घेतला.

धाकटा : श्वास घेतला?

वहिनी : हो. का?

धाकटा : काही नाही. गिअर बदलताना घ्यायचा.

वहिनी : मला कळेल असं बोला.

धाकटा : लहानपणची गोष्ट आहे. बाबांची रात्रपाळी असायची, दिवसा ते झोपायचे, आणि घर म्हणजे एकच खोली. म्हणून आम्ही टीव्हीचा आवाज पुरता मिटवून शर्यत बघायचो. काचेपलीकडे गाड्या नुसत्या पोहत असायच्या, माशांसारख्या. आवाज दादा द्यायचा. माझ्या कानाशी तोंड आणून, ओठांच्या आतल्या आत, बाबांची झोप न मोडता. लाल गाडीचा घशातून, निळीचा दातांमधून. तो सूर चढत जायचा, चढत जायचा, तुटेलसा व्हायचा, आणि मग एक बारीकसा श्वास. गिअर पडला. पुढे स्वतःचं घर झालं, तेव्हा एकदा आवाज चालू करून बघितला. दोन वळणं झाली नाहीत तोच मी म्हटलं, दादा, बंद कर. ह्या गाड्यांना नीट येत नाही.

वहिनी : आणि तेव्हापासून ह्या खोलीत तुमची ती कुजबुज. मला काय माहीत नाही का? प्रत्येक शर्यतीला तुम्ही दोघं इथे, आणि मी भिंतीपलीकडे कणीक मळत. ‘जरा थांब’, ‘एवढी फेरी होऊ दे’, अन्नाचा निवून दगड. पण हा ट्रॅक माझा तोंडपाठ झाला. आधी लांबलचक सरळ, मग शिंक म्हणजे ते डावं-उजवं झटपट वळण, मग चढ, मग आत्याचं वळण.

धाकटा : आत्याचं वळण तुम्हाला ठाऊक आहे?

वहिनी : न कळायला काय झालं? आत्या ‘निघते, निघते’ करत उंबऱ्यापर्यंत जायच्या आणि शेवटच्या क्षणाला गर्रकन माघारी वळून पुन्हा बैठक मारायच्या. ह्या नकाशात त्याला कुणा भलत्याच माणसाचं नाव दिलंय. मी तिकिटाच्या एजंटबाईला म्हटलं, आम्हाला जागा हवी ती आत्याच्या वळणावर. ती विचारते कशी, तुमच्या आत्या तिकडेच असतात का?

धाकटा : काय सांगितलंत?

वहिनी : म्हटलं, असत्या तर तिकीट काढायला लागलं नसतं, त्यांनीच सगळ्यांना उठवून आम्हाला बसवलं असतं. … हसलात. बरं वाटलं. किती दिवसांनी दात दिसले तुमचे.

धाकटा : मिळाली जागा?

वहिनी : मिळाली. वळणाच्या बरोबर समोर उंच चौथरा आहे, खुर्ची चढवायला उतार केलाय. एक चाकाची खुर्ची, आणि तिच्या शेजारी एक सोबती.

धाकटा : एकच सोबती?

वहिनी : एकच. त्यांचा नियम आहे तसा.

धाकटा : मग आपण तिघं कसे?

वहिनी : मी बाहेर थांबेन. कुंपणाला लागून बाग आहे म्हणे. आवाज काय, गावभर ऐकू येतो. भिंतीआडून ऐकायची मला सवय आहे.

धाकटा : सोबती म्हणून नाव कुणाचं घातलंत?

वहिनी : तुमचं.

धाकटा : मी नाही येणार, वहिनी.

वहिनी : का?

धाकटा : रजा मिळायची नाही. नव्या रस्त्यांचे नकाशे पुरे करून द्यायचेत.

वहिनी : तुम्ही चार दिवस नकाशा काढला नाहीत म्हणून रस्ते कुठे पळून जात नाहीत. खरं ते सांगा.

धाकटा : खरं? खरं सांगायचं तर मला त्या आवाजाची भीती वाटते. दादाचा आवाज आता जगात एकाच जागी उरलाय, माझ्या कानात. ओंजळीत पाणी धरावं तसा मी तो धरून चालतो. बोटसुद्धा हलवत नाही. तिथे जाऊन उभा राहिलो आणि ती खरीखुरी यंत्रं एकदा अंगावरून गेली, की संपलं. ती त्याला पुसून टाकतील. मग दादाला मी शोधायचं कुठे?

वहिनी : आतल्या खोलीत. दार नुसतं लोटलंय. कडी नाही लावलेली. झटका आल्यापासून दर रविवारी येता, ह्याच खुर्चीत बसता, गोळ्या संपल्या का विचारता, फळं ठेवता आणि जाता. उंबऱ्यातून हात हलवता, तोही आतल्या अंधाराकडे बघितल्यासारखं करून. जिन्यावर तुमची पावलं वाजली की ते आधी टीव्हीकडे बघतात, मग दाराकडे. तुम्ही गेल्यावर मी सांगते, भाऊजी घाईत होते. त्यावर हो म्हणतात. पटकनचा.

धाकटा : आत जाऊन बोलू काय? आमच्यात बोलायचं काम त्याचं होतं. मी फक्त ऐकणारा. त्याने ऐकवायचं थांबवलं, आणि मी कुठल्याच कामाचा उरलो नाही. ‘पोरा, एकदा तिथे जाऊन बसू,’ म्हणायचा, ‘त्या दिवशी मी तोंड मिटून बसेन, शपथ.’ तेवढ्या एका वाक्यात आम्ही दोघांनी सगळं तारुण्य काढलं. दरवर्षी म्हणायचो, पुढच्या वर्षी. पुढचं वर्ष खिडकीतल्या दिव्यासारखं कायम लांबूनच दिसत राहिलं. आणि आता तुम्ही म्हणता चला. पण मला ज्याच्याबरोबर जायचं होतं, तो माणूस…

वहिनी : तो माणूस काय? पुरं करा ना.

धाकटा : नको.

वहिनी : तो माणूस कोण, आणि हा कोण? मी रोज सकाळी ज्याची पाठ चोळते, ज्याच्या शर्टाची बटणं लावते, तो तुमचा कुणी नाही का?

धाकटा : हळू बोला. त्याला ऐकू जाईल.

वहिनी : जाऊ दे. ऐकू त्यांना सगळं जातं. कुणी हळू बोललं म्हणजेच त्यांना लागतं.

धाकटा : चुकलो. माझ्या मनात तसं नव्हतं.

वहिनी : होतं. माझ्याही मनात असतं कधीकधी. त्याला इलाज नाही.

धाकटा : एक विचारू? तुम्ही एवढ्या का पेटलात ह्याच्यासाठी? तुम्हाला तर शर्यतीचा तिटकारा होता. सवत म्हणायचात तिला.

वहिनी : होतीच ती सवत. पण त्या एजंटबाईने मला फोनवर तिथली चित्रफीत दाखवली. गाड्या सुर्रकन निघून गेल्या, मला कळल्यासुद्धा नाहीत. मी बघत बसले ती माणसं. हजारोंनी माणसं, सगळ्यांच्या कानांवर झाकणं, आणि कुणाचं कुणाला काही म्हणता काही ऐकू जात नव्हतं. एक बाप लेकीला अंगठा तोंडाकडे नेऊन विचारत होता, तहान लागली का. तिने मान हलवली. एका म्हाताऱ्याने बायकोच्या गुडघ्यावर थोपटलं आणि बोट केलं, तिकडे बघ. तिने बघितलं. बस, एवढाच संसार. बोलायला तोंड उघडलं तरी शब्द ओठांवरच संपत होता. भाऊजी, तिथे सगळेच ह्यांच्यासारखे होते. इथे कुणीही आलं की आधी बोलतं. मग बोलता बोलता गप्प होतं. मग ह्यांच्याकडे त्या तसल्या डोळ्यांनी बघतं, आणि ह्यांना ते डोळे कळतात. जगात अशी एक जागा आहे, जिथे ह्यांच्याकडे कुणी वळून बघणार नाही. तिथे ह्यांना एक दुपार बसवायचंय मला. जास्त नाही, एक दुपार.

धाकटा : मग त्याच्या शेजारी तुम्ही बसा. तो हक्क तुमचा आहे.

वहिनी : माझ्या शेजारी ते आजारी असतात हो. माझं तोंड दिसलं की त्यांना गोळी आठवते, पथ्य आठवतं. तुमच्या शेजारी ते थोरले भाऊ होतील. ते काही मला देता यायचं नाही, कितीही जीव टाकला तरी.

धाकटा : आणि मधेच त्याला काही हवं झालं तर? उन्हाचा त्रास, पाणी, उठावंसं वाटलं? मला तुमच्यासारखे त्याचे हो वेगळे काढता येत नाहीत.

वहिनी : टीव्ही मुका असताना त्यांच्या एका श्वासावरून गिअर ओळखायचात. हे त्याहून अवघड आहे का?

धाकटा : तुम्हाला नाही वाटत, वहिनी? इतकी वर्षं भिंतीपलीकडून ऐकलंत, एकदा आत जाऊन डोळ्यांनी बघावं असं?

वहिनी : वाटतं. फार वाटतं. आत्या कशा वळतात ते बघायचंय मला. पण जागा एकच आहे ना. परत आल्यावर तुम्ही सांगा. ह्या वेळी मी समोर बसून ऐकेन. तर पासपोर्ट उद्या द्यायचाय, एजंटबाई दुपारपर्यंतच थांबणार आहे. येताय ना?

(धाकटा खुर्चीवरून उठतो.)

वहिनी : भाऊजी, मी काही विचारलं. … उठलात का? रागावलात? यायचं नसेल तर नाही म्हणा. तुम्हाला तरी येतो तो शब्द.

(धाकटा आतल्या खोलीच्या दाराकडे चालू लागतो.)

वहिनी : अहो, बाहेरचं दार इकडे आहे.