घरातून निघायचा मुहूर्त

मंडळी, गजर झाला, आता जरा मांडी सैल करा आणि माझ्या एका प्रश्नाचं उत्तर द्या. नव्या घरात शिरायला मुहूर्त असतो की नाही? असतो. गुरुजींना फोन जातो, गुरुजी म्हणतात, सकाळी नऊ अठ्ठावीस. मग नऊ सत्तावीसला सगळं घराणं दारात एका पायावर उभं. कलश पुढं, आत्याबाई मागं, उजवा पाय आधी. चांगलं आहे. आता मला सांगा, त्याच घरातून निघायचा मुहूर्त कुठल्या पंचांगात दिलाय?

 पुढच्या रांगेतले काका तेवढे मान हलवतायत, पण ती झोपेत हलतेय.

तर ऐका. ही गोष्ट पुराणातली नाही, बार्शीतली आहे. रघुवीर कोठावळे. मंडप डेकोरेटर. त्यानं मला सांगून ठेवलंय, "महाराज, माझं नाव घेऊन सांगा, म्हणजे लोक नीट ऐकतील." खरं आहे. देवाचं नाव घेतलं की तुम्ही घड्याळ बघता, शेजाऱ्याचं नाव घेतलं की कान टवकारता.

रघुवीरनं वीस वर्षं लोकांचे मंडप घातले. लग्न, मुंज, बारसं, पुढाऱ्याचा वाढदिवस. संध्याकाळी राजवाडा उभा करायचा आणि दुसऱ्या दिवशी वऱ्हाड गेलं की खुर्च्या मोजून टेम्पोत भरायच्या. माणूस कष्टाळू. पण काय झालं, दुसऱ्यांचे महाल बांधून बांधून त्याला वाटायला लागलं, आपलाही एक पाहिजे, आणि तो उतरवावा न लागणारा पाहिजे. रम्यनगरीत प्लॉट घेतला, बँकेचं कर्ज काढलं, बंगला बांधला. पुढच्या दर्शनी बाजूला अशी कमान, असे खांब, अशी रोषणाई, की रस्त्यानं जाणारी माणसं विचारायची, "आज कार्य कुणाचं आहे इथं?"

वास्तुशांतीला सातशे पान उठलं. कीर्तन माझंच होतं. शालही मिळाली. ती शाल मी आज पांघरलेली नाही, का ते पुढं कळेल.

पुढं दोन वर्षं अशी आली, की लग्नं पंचवीस माणसांत उरकायला लागली. पंचवीस माणसांना मंडप कशाला, एक छत्री पुरते. गोदामात कापडाला उंदीर लागले. हप्ते थकले. धंदा पुन्हा सुरू झाला तोवर मोठी लॉन उभी राहिली होती, त्यांचा स्वतःचा मंडप, स्वतःची रोषणाई. आणि एक दिवस बँकेची नोटीस आली. साठ दिवसांत पैसे भरा, नाहीतर घर ताब्यात घेऊन लिलाव करू.

रघुवीरनं काय केलं? वाचली, घडी घातली आणि टीव्हीखाली ठेवली. टीव्ही जड असतो ना, नोटीस बाहेर येत नाही.

त्याची बायको शैलजा. बोलायला कमी, बघायला जास्त. तिनं नोटीस काढून तीनदा वाचली. चार दिवसांनी बँकेचे बिराजदार साहेब स्वतः घरी आले. सज्जन माणूस. चहा घेतला आणि म्हणाले, "रघुवीरराव, एक सांगू? तुमचं तुम्ही विका. आम्ही परवानगी देतो. आज गिऱ्हाईक आहे, भाव आहे. आमचं फिटून तुमच्या हातात दोन खोल्यांच्या फ्लॅटपुरतं उरेल. लिलावात गेलं तर काय उरेल, याची हमी मी देऊ शकत नाही."

रघुवीर उठून उभा राहिला. "साहेब, या घरात सातशे पान उठलंय."

बिराजदार म्हणाले, "ते जेवून गेले, रघुवीरराव. हप्ता भरायला त्यातलं कोण येणार आहे?"

त्या दिवसापासून बिराजदारांना त्या घरात चहा बंद.

आता संकटात माणूस सल्ला घेतो. रघुवीरनंही घेतला. पहिला वकिलाचा. वकील म्हणाले, "अर्ज टाकू. दोन वर्षं कुणी हलवत नाही तुम्हाला." फी घेतली, अर्ज टाकला, तो पहिल्याच तारखेला निकाली निघाला. दुसरा सल्ला नगरसेवकाचा. ते म्हणाले, "मी फोन करतो." मंडळी, तो फोन अजून लागतोय.

तिसरा वास्तूवाला. तो हातात होकायंत्र घेऊन घरभर फिरला आणि म्हणाला, "दोष दरवाज्यात आहे. लक्ष्मी येते आणि तशीच परत जाते. दरवाजा फिरवा." ऐका आता. जे घर जाणार, त्याचा दरवाजा फोडला. पुढची भिंत पाडली, शैलजाच्या बांगड्या गहाण टाकून सागवानी चौकट बसवली. लक्ष्मीला वळायला जागा केली हो. हसू नका. तुमच्यापैकी किती जणांच्या बेडरूममधला पलंग गेल्या वर्षी उत्तरेकडून दक्षिणेकडं सरकला, ते मला ठाऊक आहे.

चौथा सल्ला सांगायला जीभ जड होते. चौथा सल्लागार मी. रघुवीर माझ्याकडं आला, पायांवर डोकं ठेवून म्हणाला, "महाराज, काय करू?" मला पुढच्या गावी कीर्तनाला जायचं होतं, गाडी उभी होती. मी म्हणालो, "धीर धर, देव बघून घेईल." आणि गाडीत बसलो. काय सोपं वाक्य आहे. त्याला काही खर्च येत नाही. बिचारा माझा शब्द धरून घरात बसून राहिला. त्यानं घर सोडायला सहा महिने उशीर केला, त्यातला एक तरी महिना माझ्या नावावर आहे. म्हणून ती शाल पेटीत आहे.

साठ दिवस गेले. बँकेची माणसं आली आणि नव्या सागवानी दरवाज्यावर कागद चिकटवून गेली, की ही मालमत्ता बँकेच्या ताब्यात आहे. रघुवीर डेकोरेटर ना. त्यानं गोदामातून लाल मखमली पडदा आणला, सोनेरी झालर लावली आणि त्या कागदावर टांगला. गल्लीतल्या बायका म्हणाल्या, "काय सुंदर दिसतंय हो दार." बँकेचा माणूस फोटो काढायला यायचा, झालर वर उचलून फोटो काढायचा, परत नीट सोडायचा. त्यालाही मोडवत नव्हतं.

मग लिलावाची जाहिरात पेपरात आली. रघुवीर सकाळी सहाला पेपरवाल्याकडं गेला आणि रम्यनगरीत वाटायचे सगळे अंक विकत घेतले. पेपरवाला खूश. म्हणाला, "साहेब, उद्याही ठेवू का?"

गल्लीनं काय केलं? जाहिरात मोबाइलवर वाचली.

आता इकडं शैलजा काय करत होती, ते ऐका. ती रोज दुपारी स्कूटीवर पुढं एक पिशवी ठेवून बाहेर पडायची. रघुवीर खिडकीत बसून रस्ता बघायचा, कोण बघतंय, कोण कुजबुजतंय. तो विचारायचा, "कुठं?"

"दळणाला."

रोज दळण. तीन माणसांचं घर, आणि तीन आठवडे रोज दळण. या माणसाला एकदाही वाटलं नाही, की एवढ्या पोळ्या खातंय कोण? कारण त्याचं लक्ष बाहेर. घरातले डबे कमी झाले, दिसलं नाही. मुलीची, केतकीची, पुस्तकं गेली, दिसलं नाही. देवघरातला अन्नपूर्णेचा टाक गेला, नमस्कार रोज चालूच. रिकाम्या जागेला.

एके दिवशी एका बारशाला जायचं म्हणून त्यानं रेशमी कुर्त्यासाठी कपाट उघडलं. कपाट मोकळं.

"शैला, चोरी झाली."

शैलजा स्वयंपाकघरातून आली, हात पुसले आणि म्हणाली, "चोरी नाही. केतकीच्या शाळेमागं दोन खोल्या भाड्यानं घेतल्यात. पाणी एक दिवसाआड येतं. बाकी बरं आहे."

"मला न विचारता?"

"अहो, चार महिने विचारतेय. तुम्ही पडदा लावत होता."

तो खाली बसला. ती पण बसली, समोर. म्हणाली, "अजून एक सांगते. बिराजदार साहेबांनी वैराग गावचा एक खतवाला आणलाय. तो लिलावाआधी घर घ्यायला तयार आहे. दरवाजा फोडलाय म्हणून भाव पाडतोय, आणि आपली अडचण कळलीय म्हणून आणखी पाडतोय. पण लिलावापेक्षा बरा आहे. सही तुमचीही लागते."

"सही केली म्हणजे घर गेलं."

"घर गेलंय. सही केली तर आपण राहतो."

मंडळी, मी चाळीस वर्षं कीर्तन करतोय. एवढं थोडक्यात मला कधी सांगता आलं नाही.

दारात केतकी उभी होती. दहावीची मुलगी. ती म्हणाली, "बाबा, शाळेत सगळ्यांना माहितीय. पडदा फक्त आपल्यासाठी आहे."

रघुवीरनं उघडं कपाट लावून घेतलं. मग म्हणाला, "ठीक आहे. पण पहाटे जाऊ. अंधार असतानाच."

शैलजा म्हणाली, "का? काही चोरलंय का आपण? गुरुवारी दहा वाजता टेम्पो येईल. मी आणि केतकी पुढच्या दारानं जाणार. तुम्हाला यायचं असेल तर या."

गुरुवार उजाडला. दहाला टेम्पो आला. टेम्पो बाबूलाल मुलाणींचा. रघुवीरकडं पंधरा वर्षं बांबू उचललेला माणूस. धंदा बसल्यावर रघुवीरनं त्यांना घरी बसवलं होतं, दोन महिन्यांचा पगार बाकी होता. तरी आले. भाडं किती, हे शैलजानं विचारलं तर म्हणाले, "वहिनी, आधी सामान तर चढू दे."

आणि गल्ली? गल्ली गॅलरीत. ज्यांना रोज सकाळी गुडघे दुखतात म्हणून देवळाच्या चार पायऱ्या चढवत नाहीत, त्या आजीबाई तिसऱ्या मजल्यावर. कुणी झाडाला पाणी घालतंय. एकानं तर कुंडीला इतकं पाणी घातलं, की खालच्या माणसाच्या वाळत घातलेल्या पापडांवर पडलं.

रघुवीर आत, हॉलमधल्या झोपाळ्यावर. हलेना. बाबूलाल म्हणाले, "मालक, बसा तुम्ही. झोपाळा शेवटी काढू."

माणसं कपाट उचलायला लागली. नवशिकी पोरं. दोरी चुकीची बांधली, कपाट तिरकं झालं, आरसा निसटायला आला. रघुवीर बघतोय. दुसरं कपाट, पुन्हा तीच चूक. वीस वर्षांचा मंडपवाला, त्याला कसं बघवेल? उठला. "अरे, वरून नाही, कमरेला बांध. गाठ आतून घे. आधी हलकं, मग लांब, मग जड." आणि बघता बघता तो कामाला लागला. कुर्त्याच्या बाह्या वर. पलंग खोलला, गाद्या गुंडाळल्या, दारावरचा मखमली पडदा स्वतःच्या हातानं उतरवला, चौपदरी घडी घातली. खालचा बँकेचा कागद सगळ्या गल्लीला दिसला. दिसू दे म्हणाला.

बाबूलाल हळूच म्हणाले, "मालक, आपण एवढे मंडप उतरवले. एकदा तरी रडलो का?"

रघुवीर म्हणाला, "ते दुसऱ्याचे होते, बाबूभाई." आणि मग तो तिथंच, गादीच्या वळकटीवर डोकं टेकून रडला. दोन-तीन मिनिटं.  मग तीच वळकटी खांद्यावर घेऊन पुढच्या दारानं बाहेर आला.

समोरच्या गॅलरीतून एक काकू म्हणाल्या, "काय शैलजा, कुठं निघालात?"

शैलजानं वर बघितलं. म्हणाली, "राहायला."

पुढं सही झाली. बँकेचं फिटलं. उरलं किती? फ्लॅटपुरतं नाही, ते बिराजदारांच्या चहाबरोबर गेलं. बांगड्या सुटल्या, बाबूलालचा पगार देऊन झाला, दोनशे खुर्च्या आल्या. आता बारशी, डोहाळजेवणं, हळदी असली छोटी कामं करतात. शैलजा हिशेब बघते, कारण तिला न विचारता आता कुणी काही करत नाही. केतकी दहावी झाली. मी मागच्या महिन्यात गेलो होतो त्या दोन खोल्यांत. पाणी आलेलं नव्हतं, तरी चहा झाला. रघुवीर म्हणाला, "महाराज, घर गेल्याचं दुःख आता नाही. नोटीस टीव्हीखाली ठेवली त्या दिवसाचं आहे."

तुम्ही आता वाट बघताय, की महाराज म्हणतील, हा देह भाड्याचं घर आहे, एक दिवस सोडायचंय. नाही म्हणणार. ते तुम्ही शंभरदा ऐकलंय, मान डोलावलीय आणि घरी जाऊन पंख्यासाठी भांडलाय. मला एवढंच विचारायचंय. तुमच्या टीव्हीखाली काय आहे? कुणाच्या डॉक्टरचा कागद असेल. कुणाचं भावाला न पाठवलेलं पत्र असेल. कुणाची मुलगी सासरहून आलीय, परत जायचं नाही म्हणते, आणि तुम्ही तिला झालर लावताय. घरासाठी खोटं बोलावं लागलं, की त्याच दिवशी निघायचा मुहूर्त लागला. त्यानंतर प्रत्येक दिवसाचं भाडं द्यावं लागतं, आणि ते बँक घेत नाही.

आणि रम्यनगरीतली मंडळी आज इथं बरीच बसलीत, ती मला दिसतायत. त्या गुरुवारी तुमच्या गॅलऱ्या भरल्या होत्या. खाली टेम्पोला हात लावायला किती उतरले? बाबूलालना विचारलं मी. ते म्हणाले, "महाराज, पाणी मागितलं तेव्हा एकानं दिलं." एक. सातशे पानांतलं एक. मी त्या दिवशी गावातच होतो, मीही गेलो नाही. तेव्हा हे मी फक्त तुम्हाला सांगत नाही.

झालं. पेटीवाले, सूर धरा. आरतीला उभं राहायचंय. पायाला मुंग्या आल्यात, बसलेली जागा ऊबदार झालीय, उठवत नाही, कळतंय मला. तरी उठा. कुणी दंडाला धरून उठवायच्या आधी आपलं आपण उठायचं, त्याची आज निदान एवढी तालीम करू.