दाढ नंतर, आधी सिनेमा

नाही, पण मी म्हणतो, माणसाला एखादा सिनेमा आवडला तर त्यानं सांगायचाही नाही का कुणाला? तुम्हाला सांगतो, मी दातांचा डॉक्टर. माझ्याइतकी सोय आहे का कुणाची? समोरच्याचं तोंड उघडं, आत माझी बोटं, नाही म्हणणार कसा? मी सुरूच होतो! जुना जर्मन सिनेमा, काळा-पांढरा. एका ट्रकवाल्याच्या गळ्यात एक पोर पडते, तिला बापाकडे सोडायचं, तर बापानं घरच बदललेलं! मग काय, हिंडतात दोघं, पाव खातात, भांडतात, रुसतात, परत ट्रकमध्ये बसतात... काहीच होत नाही त्यात, पण बघा!

तर आमची रिसेप्शनिस्ट नाकावर चष्मा ढकलत म्हणते, "डॉक्टर, हाणामारी तरी?" नाही! "गाणी?" अहो, नाही! "मग दाढदुखी बरी की!" शेजारच्या दुकानातला चष्मेवाला तर उभ्या-उभ्या जांभई देतो. आणि ताई, माझी थोरली बहीण, परदेशातून फोनवर, "अरे, दाढ काढायला आलेल्याला काय सिनेमा सांगतोस? त्यापेक्षा माझ्या पोरीशी दोन शब्द बोल!"

आता आली का पंचाईत! ताईला नोकरीसाठी तिकडे जावं लागलं, नवरा केव्हाच वेगळा झालेला, म्हणून भाची माझ्याकडे. मी एकटा जीव. पोरगी आली ती पायात बूट तसेच, पाठीवर दप्तर तसंच, खुर्चीच्या कडेवर बसलेली... जेवलीस का? हं. झोप आली का? हं. शाळा कशी? हं! गावभर बडबडणारा मी, घरात माझी दातखीळ! बरं, सिनेमा लावावा, तर पडद्यावर बाप न सापडलेली पोर आणि समोर ही. धीर होईना हो!

शेवटी एका रविवारी लावलाच. तुम्हाला सांगतो, माझं लक्ष पडद्यावर नाही, तिच्याकडे. ती ओठ चावतेय... बंद करू? नको. करू का? "मामा, गप्प बस ना!" पहिलं अख्खं वाक्य! आणि निम्म्यात ती ताडकन उठली, "मामा, गाडी काढ."

"कुठे जायचंय?"

"कुठेही. ते जातात तसं."

काढली गाडी! शहर मागे पडलं आणि जे तोंड उघडलं तिनं... शाळेतल्या बाई, मैत्रीण, आईच्या उशीचा वास, सगळं. मग एकदम, "आई येईल ना रे परत?" मी गाडी कडेला घेतली. म्हटलं येणार, कामच आहे तिला तिकडे, दुसरं काही नाही. "मग तू हे आधी का नाही बोललास?" मी आपला सिनेमा लावू की नको, यातच अडकलेलो! रडली, मी पण रडलो, मग पाव घेऊन खाल्ला दोघांनी. घरी आली ती बूट काढून, सोफ्यावर आडवी!

आता रोज संध्याकाळी गाडी. सिनेमाचा शेवट? तिचा बघायचा राहिलाय तसाच. काहीच होत नाही त्यात, पण बघा, म्हणणारा मी, मलाच परत बसून बघायला सवड नाही! आणि आता ती बसते दवाखान्यात बाहेरच्या बाकावर, पेशंटना सांगते, "निम्माच बघा, मग फिरायला जा." आणि बघतात हो! रिसेप्शनिस्टनं बघितला, चष्मेवाल्यानं दोनदा! काय करणार... तिनं नुसतं सांगितलं की पुरतं, मी सांगायचो तेव्हा भूल द्यावी लागायची!