तपासणी दर चार तासांनी

तबस्सुम : बरं झालं बेल वाजवलीत, काका. हलू नका. हा हात एवढा गार का लागतोय?

सांडू : मानूसच गार हाय, सिस्टर.

तबस्सुम : मस्करी नको. मांडीची कातडी काढून, पातळ करून तुमच्या हाताला लावलीय, चारच दिवस झालेत. सकाळी गुलाबी होती, आता पांढरी पडलीय. दाबल्यावर रंग दोन सेकंदांत परत यायला पाहिजे. येत नाहीये.

सांडू : यील की. मांडीच ती, तिला हाताच्या कामाची सवय नाय.

तबस्सुम : अहो, केसापेक्षा बारीक दोऱ्यानं रक्तवाहिनी जोडलीय. तिच्यावर सगळं आहे. ती बंद पडली तर कातडी काळी पडेल आणि कडबा कुट्टीच्या यंत्रात हात गेला होता त्या दिवसासारखी हाडं उघडी.

सांडू : दुसरी मांडी हाय ना.

तबस्सुम : मांड्या काय पाळीपाळीनं वापरायच्या असतात? डॉक्टरांना फोन लावते. टाके उघडून परत बघावं लागेल.

सांडू : आज?

तबस्सुम : आत्ता. शेवटचं काय खाल्लं होतं, कधी?

सांडू : सिस्टर, फोन ठिवा.

तबस्सुम : का?

सांडू : उशीखाली बघा.

तबस्सुम : पाण्याची बाटली? या अल्ला, बर्फ झालाय हिचा! कुणी दिली?

सांडू : कँटीनमधून मागवली. अर्धा तास हातावर धरली व्हती. मंग बेल वाजवली.

तबस्सुम : हद हो गई काका! गारठ्यानं रक्तवाहिनी आवळते, पहिल्याच दिवशी सांगितलं होतं ना?

सांडू : म्हनून तर धरली. म्हनलं, गार लागला की तुमी धावत येताल.

(तबस्सुम बाटली उचलून लांब टेबलावर ठेवते.)

सांडू : काल मोठे डॉक्टर म्हनले, कातडी मस्त धरली, आता दर तासाला नको, चार तासांनी बघा. समदे खूश. मी बी हासलो. मंग तुमी गेलात. चार तास लई असतात, सिस्टर.

तबस्सुम : पाचोडहून टेम्पो भरून आले होते ना घरचे?

सांडू : सतरा जण. हाताचे फोटो काढले आन् गेले. पोरगा, ऋतुराज, रोज व्हिडिओ कॉल करतो. हात दाखवा म्हनतो. दाखवितो. छान म्हनतो, ठिवतो. मला दाढी आलीय ते त्याला ठावं बी नसंल.

तबस्सुम : आणि काकू?

सांडू : दगडाबाईला जाऊन तीन वर्सं झाली. ती असती तर म्हनली असती, आता पाव्हण्याला रामराम घालताना मांडीनं घालनार का?

(तबस्सुम हाताभोवती उबदार कापूस गुंडाळते. नाडीचा आवाज ऐकवणाऱ्या छोट्या यंत्राची कांडी कातडीवर टेकवते. बराच वेळ नुसती खरखर.)

सांडू : लागंना का?

तबस्सुम : चुप.

सांडू : सिस्टर, खरंच गेलं का वो?

तबस्सुम : चुप म्हटलं ना. … आला. ऐका. हूश, हूश.

सांडू : एवढासा आवाज?

तबस्सुम : एवढ्याशावरच जगते ती. रंगही येतोय बघा. पण डॉक्टरांना सगळं सांगणार आहे मी.

सांडू : सांगा. रागावतील. तेवढाच येळ थांबतील.

तबस्सुम : आता पंधरा मिनिटं मला इथंच बसून लक्ष ठेवावं लागेल.

सांडू : बसून?

तबस्सुम : बसून. बोला, काय बोलायचं होतं एवढं?

सांडू : लई जमवून ठिवलं व्हतं.

तबस्सुम : मग?

सांडू : तुमी बसलात आन् एक बी आठवंना.

तबस्सुम : असू द्या. पंधरा मिनिटं आहे मी.

सांडू : चौदा.